कॉमिक्सची जत्रा

आपल्याकडे जत्रेला जाऊन खाज्यांची पुडी न घेता परतणारा माणूस विरळाच. एरवी खाजे मिळत नाहीत असं नाही, पण दिव्यांच्या उजेडात, गर्दीत चार शब्द बोलून घेतलेल्या पुडीची गोष्ट वेगळी. अशीच एक जत्रा कॉमिक्सच्या जगातही भरते. एकाच माणसाने लिहिलेली, त्यानेच चितारलेली, स्वतःच्या खर्चाने छापलेली वीस-तीस पानांची कॉमिक्स तिथे मिळतात. गेल्या काही वर्षांत ही जत्रा इंटरनेटवरही भरू लागली आणि माझ्यासारख्या गोव्यात बसलेल्या वाचकाच्या ओंजळीतही चार खाजे पडले. त्यांची शिफारस करायचीच आहे, पण आधी या जत्रेची कुळकथा.

ती सुरू होते जपानमध्ये. ‘मांगा’चे जनक म्हणून ज्यांना मान मिळतो त्या ओसामू तेझुका यांनी 1967 मध्ये ‘कॉम’ नावाचं मासिक काढलं. त्यात हौशी चित्रकारांसाठी राखीव पानं असत. सत्तरीच्या सुरुवातीला ते बंद पडलं आणि नवख्यांचा हक्काचा ओटा गेला. मोठी साप्ताहिकं होती, पण त्यांना हव्या होत्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिका. वीस पानांत संपणारी, कुणालाही न विचारता काढलेली गोष्ट घेऊन जायचं कुठे? शेवटी योशिहिरो योनेझावा आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःच बाजार मांडायचं ठरवलं. 21 डिसेंबर 1975 रोजी तोकियोतल्या एका सभागृहात पहिलं ‘कॉमिक मार्केट’ भरलं. गट होते 32 आणि आलेली माणसं सुमारे 700. त्यांत मोठा भरणा होता शाळकरी मुलींचा! मोतो हागिओ यांच्यासारख्या लेखिकांच्या कथांनी वेडावलेल्या या मुली होत्या.

या बाजाराचा एक नियम मला फार आवडतो. तिथे कुणीही ‘गिऱ्हाईक’ नसतं. विकणारा, विकत घेणारा, खुर्च्या मांडणारा, सगळे ‘सहभागी’च. पुढे हे मार्केट, लाडाने ‘कॉमिकेट’, इतकं वाढलं की डिसेंबर 2019 मध्ये चार दिवसांत साडेसात लाख माणसांची नोंद झाली. त्यातला बराच माल प्रसिद्ध मालिकांवर बेतलेला असतो, हेही खरं. म्हणून केवळ स्वतंत्र कथांसाठी 1984 मध्ये ‘कोमितिया’ ही वेगळी जत्रा सुरू झाली.

मग आलं 2020. मे महिन्यातलं कॉमिकेट रद्द झालं. पंचेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. ज्यांची पुस्तकं छापून तयार होती त्यांनी काय करावं? ठरलेल्या तारखांना लोकांनी घरात बसूनच जत्रा केली. पुस्तकांची चित्रं इंटरनेटवर मांडली, टपालाने मागवली, एकमेकांना ‘आलात का?’ म्हणून विचारलं. त्याला नाव पडलं ‘एअर कॉमिकेट’, म्हणजे हवेतलं कॉमिकेट. कोमितियावर तर कायमचं बंद पडायची पाळी आली होती. त्यांनी तीन कोटी येनसाठी हात पसरले आणि वाचकांनी दहा कोटींहून अधिक येन टाकले. मला वाटतं, ‘सहभागी’ या शब्दाचा अर्थ त्या दिवसांत खऱ्या अर्थाने कळला असेल.

ब्रिटनमधली कथा थोडी निराळी. झैनब अख्तर ही मूळची वाचक. कॉमिक्सवर आवडीने लिहिता लिहिता 2016 मध्ये तिने ‘शॉर्टबॉक्स’ सुरू केलं. निवडक छोटी कॉमिक्स एका खोक्यात घालून ती वाचकांना पाठवायची. 2021 च्या ऑक्टोबरात तिने पूर्णपणे इंटरनेटवरची जत्रा भरवली. नवी कोरी कॉमिक्स आणि तीही महिनाभरच विक्रीला. किंमत चित्रकाराने ठरवायची. छपाई नाही, टपालखर्च नाही, त्यामुळे कुठल्याही देशातल्या माणसाने पाल ठोकावं आणि कुठल्याही देशातल्या माणसाने तिथे यावं.

या जत्रेमुळे मी शॉर्टबॉक्सची जुनी, छापील कॉमिक्सही शोधू लागलो. त्यातली तीन सांगतो. रोझमेरी वालेरो-ओकोनेल यांचं ‘व्हॉट इज लेफ्ट’ : माणसाच्या आठवणींवर चालणारं एक अवकाशयान फुटतं आणि वाचलेली एकटी स्त्री दुसऱ्या कुणाच्या तरी आठवणींत अडकते. पुढे ही कथा त्यांच्या ‘डोन्ट गो विदाउट मी’ या तीन कथांच्या संग्रहात आली. दुसरं लिसा ट्रीमन यांचं ‘मिनोटार’ : फर्निचरच्या अवाढव्य दुकानात वाट चुकलेली माणसं आणि ग्रीकांचा तो जुना भुलभुलैया. मॉलमध्ये बाहेरचं दार न सापडलेल्या प्रत्येकाने वाचावं! तिसरं जो स्पॅरो यांचं ‘होमन्क्युलस’ : बोलायला शिकलेलं एक यंत्र एका खोलीतून सगळं पाहतं. चौकट जवळपास हलतच नाही, समोरची माणसं आणि त्यांचा काळ तेवढा सरकत राहतो. शेवटी यंत्राची दया येते. ती का यावी, याचा विचार मी अजून करतो आहे.

तिन्ही एका बैठकीत वाचून होतात. यांपैकी एकही कथा ‘दोनशे पानं करून आणा’ म्हणणाऱ्या प्रकाशकाकडे तगली नसती. आणखी एक सांगायला हवं. इंटरनेटवर चित्र फुकट बघायची आपल्याला सवय झाली आहे. या जत्रेत मात्र पुडी विकत घ्यावी लागते. महिना संपला, पाल उठलं आणि आपण नुसतेच ‘छान छान’ म्हणत राहिलो, तर पुढच्या वर्षी तो चित्रकार येईलच असं नाही.

हे लिहिताना सारखी लोटलीच्या मारियो मिरांदांची आठवण येत होती. तरुणपणी ते चित्रांची रोजनिशी लिहीत. गावातले पाद्री, लग्नं, कुत्री, नाच, सगळं त्यात येई. 1949 ते 1951 या वर्षांच्या त्या वह्या पुस्तकरूपाने लोकांसमोर यायला सुमारे सहा दशकं लागली. मारियो पुढे नामवंत झाले म्हणून वह्या जपल्या गेल्या. नामवंत न झालेल्या कुणाकुणाच्या वह्या आपल्या माळ्यांवर वाळवीने खाल्ल्या असतील, कोण जाणे. त्यांना हवा होता तो बत्तीस गटांचा एक छोटासा बाजार आणि पुडी घेणारी सातशे माणसं.