कर्करोग : वेळेवर पोहोचण्याचा इतिहास

भारतातील कर्करोगावरील उपचारांचा इतिहास सांगताना मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे स्मरण प्रथम होते. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या औदार्यातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे ते सुरू झाले. उपचारांची मोठी सोय झाली. परंतु दूरच्या खेड्यातील रुग्ण तेथे पोहोचेपर्यंत व्याधी पुष्कळदा हाताबाहेर गेलेली असे. रुग्णालय उभारणे आणि रुग्ण तेथे वेळेत येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या दुसऱ्या गोष्टीसाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने केलेले कार्य चिरस्मरणीय आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. व्यापारात ज्याची नोंद नाही, त्याचा ताळेबंद लागत नाही. येथेही तेच होते. जो रुग्ण दवाखान्याची पायरी चढलाच नाही, त्याची नोंद दवाखान्याच्या दप्तरात कोठून सापडणार? म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव फिरले. त्यांनी केवळ मोजदाद केली नाही, तर रोगाची लक्षणे ग्रामस्थांना समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीस येण्यास प्रवृत्त केले. परिणामी काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

या पायावरच पुढे मोठे संशोधन उभे राहिले. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात एच. पी. व्ही. विषाणूची तपासणी एकदाच केली गेली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली.

आजही संकोचापोटी आपल्या माता-भगिनी दुखणे अंगावर काढतात. 'आधी लेकीचे लग्न उरकू द्या, मग पाहू' असे म्हणत महिने लोटतात. देणगी देणे पुण्याचेच आहे. परंतु घरातील स्त्रीला वेळीच तपासणीस नेणे, हे त्याहून निकटचे कर्तव्य होय. सुज्ञ वाचकांनी त्याचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा, ही नम्र विनंती.