मिरचीची घरातली रोपे : पानांचे विकार

ट्रेमध्ये किंवा कुंडीत घरातच वाढवलेल्या मिरचीच्या (कॅप्सिकम ॲन्युअम) कोवळ्या रोपांच्या पानांवर दिसणारे दोष व त्यांची कारणे. ही नोंद रायपूरच्या चौबे कॉलोनीतील हवामान डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. महाराष्ट्र मंडळामुळे (स्थापना १९३५) मराठी माणसांना परिचित असलेल्या या वस्तीत मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो. त्यामुळे रोपे खिडकीशी किंवा कूलरच्या खोलीत ठेवली जातात, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पान पिवळे पडले की आधी ते कोणते पान आहे हे पाहावे. सगळ्यांत खालची बीजपत्रे पिवळी होऊन गळली, तर ती रोपाची नैसर्गिक वाढ आहे. काही करू नये. खालची मोठी पाने सरसकट फिकट पडली, तर नत्राची कमतरता. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेल्या रोपांत ही हमखास दिसते, कारण कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर रोपाला लोह मिळत नाही. बोअरचे जड पाणी सतत घातल्याने माती अल्कधर्मी होते व लोह असूनही मुळांना घेता येत नाही.

तरीही घरातल्या रोपांचा पहिला शत्रू खताचा अभाव नसून पाण्याचा अतिरेक आहे. छत्तीसगडमधील काळी, चिकण ‘कन्हार’ माती पाणी धरून ठेवते. तीच कुंडीत भरली तर मुळे गुदमरतात. पाने लोंबतात, आणि ती सुकली असे समजून घरातले प्रत्येक माणूस आणखी एक तांब्या ओतते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहिले तर हा घोळ टळतो. मुरमाड ‘भाटा’ माती किंवा वाळू, आणि गांडूळखत मिसळल्यास निचरा सुधारतो. पानाच्या खालच्या बाजूस खरबरीत फोड आले, तर तोही जादा पाण्याचाच परिणाम, रोग नव्हे.

पाने आकसणे म्हणजे शेतकऱ्यांचा ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’. पानाच्या कडा वर वळून ते होडीसारखे झाले, तर फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी झाली व देठ लांबला, तर पिवळा कोळी. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास फुलकिडे बारीक रेघांसारखे सरपटताना दिसतात. कोळी मात्र भिंगाशिवाय दिसत नाही. कूलरची दमट, उबदार हवा त्याला मानवते. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावावेत व ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावा. कोळ्यावर गंधक गुणकारी आहे, पण कडक उन्हाळ्यात ते पाने करपवते.

घरातून एकदम उन्हात नेलेल्या रोपांच्या पानांवर पांढुरके चट्टे पडतात. तो उन्हाचा चटका होय. आठवडाभर सकाळचे कोवळे ऊन थोडेथोडे वाढवत द्यावे. भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. नवी फूट मात्र निरोगी येते.

पाने लहान, सुरकुतलेली, शेंडा खुंटलेला आणि पानांखाली पांढरी माशी असेल, तर विषाणूजन्य पर्णगुच्छाची शंका घ्यावी. यावर औषध नाही. असे रोप उपटून पिशवीत बांधून टाकावे आणि शेजारच्या कुंड्यांवर पिवळे चिकट सापळे लावावेत.