पोरवयाचा दंगा नव्हे

‘डेथ’ या अमेरिकन बँडबद्दल डेथ मेटलच्या रसिकांत एक मत इतकं रुळलंय की ते कुणी तपासून बघत नाही. बँडचा म्होरक्या चक शुल्डिनर खरा संगीतकार झाला तो 1991च्या ‘ह्यूमन’पासून, 1987चा पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ म्हणजे रक्तामांसाने खुळावलेल्या पोराने घाईत उरकलेला दंगा. डेथ मेटलमधल्या पहिलेपणाचा मान द्यावा आणि पुढे जावं.

या पूर्वपक्षाचं जे देणं लागतं ते आधी देऊन टाकू. गाण्यांचे शब्द बाळबोध आहेत. 1986च्या अखेरीस ध्वनिमुद्रण झालं तेव्हा शुल्डिनर 19 वर्षांचा होता, ड्रमर ख्रिस रायफर्ट त्याच्याहूनही लहान. ‘ह्यूमन’मधले शॉन रायनर्टचे ड्रम्स ऐकल्यावर इथला ठेका सरळसोट वाटतो, हेही कबूल.

पण घाई? फ्लोरिडात केलेलं मुद्रण रेकॉर्ड कंपनीला पटलं नाही. ते बाजूला पडलं आणि हॉलीवूडमध्ये रँडी बर्न्स या निर्मात्याबरोबर सगळं पुन्हा वाजवलं गेलं. गिटार, बास आणि गळा, तिन्ही एकट्या शुल्डिनरचे. ‘इन्फर्नल डेथ’ आणि ‘बाप्टाइझ्ड इन ब्लड’ ही गाणी 1985च्या डेमोवर होती. ‘ईव्हिल डेड’ तर 1984च्या ‘डेथ बाय मेटल’ या डेमोवरचं. तेव्हा बँडचं नावही ‘मँटास’ होतं. या कॅसेटी टपालाने हातोहात फिरत. मनासारखे साथीदार मिळेनात म्हणून शुल्डिनर फ्लोरिडातून कॅलिफोर्निया, टोरांटो असा वणवण हिंडला. दोन-तीन वर्षं घासूनपुसून घेतलेल्या गाण्यांना घाईचं काम म्हणणाऱ्याने तारखा बघितलेल्या नाहीत.

आता खुद्द संगीत. ‘झॉम्बी रिच्युअल’ घ्या. सुरुवातीला संथ लयीत एक उदास, वळणदार सुरावट येते, गुणगुणता येईल अशी. मग गाणं धावू लागतं, पण भरकटत नाही: कडवी आपल्या जागी, ध्रुवपद आपल्या जागी. गळा घोगरा, तरी स्वर ताणून शब्द इतके मोकळे सोडलेले की बरेचसे पहिल्या ऐकण्यात कळतात. बर्न्सनेच 1985 मध्ये ‘पझेस्ड’ या बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ हा अल्बम केला होता, कंपनीही तीच, कॉम्बॅट. पहिलेपणाचा मान त्याला द्यायचा असेल तर खुशाल द्या, माझा वाद त्यासाठी नाही. पण तिथे तुकड्यामागून तुकडा अंगावर कोसळतो. इथे गाण्याला आराखडा आहे. ‘ह्यूमन’च्या गुंतागुंतीचं कौतुक करताना जी सुरेलता वाखाणली जाते, तिचं मूळ इथेच सापडतं.

राहिला रक्तामांसाचा आक्षेप. ‘ईव्हिल डेड’चं नाव सॅम रेमीच्या चित्रपटाचं, ‘झॉम्बी रिच्युअल’मागे लुचिओ फुल्चीचा झॉम्बीपट. हा व्हिडिओ कॅसेटींवर वाढलेल्या पिढीचा भयपटांचा षोक आहे, विकृती नव्हे. (चित्रपटातलं रक्त चालतं आणि गाण्यातलं खुपतं, हा न्याय मला कधी उमगला नाही.)

‘ह्यूमन’ मोठा अल्बम आहेच. मात्र त्याला मोठं ठरवण्यासाठी पहिल्याला कच्चा म्हणण्याची गरज नाही. शंका असेल त्यांनी ‘ईव्हिल डेड’ आधी 1984च्या डेमोवर ऐकावं, लगेच अल्बमवर ऐकावं, आणि मग बोलावं.