तेलाने धुतलेला चेहरा

डोळ्यांतले काजळ गालावर ओघळले की लहान मूल पाण्याने तोंड धुऊ पाहते. डाग जात नाही, उलट पसरतो. घरातली आजी मात्र बोटावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन डागावर हलकेच फिरवते आणि मऊ फडक्याने पुसून टाकते. काजळाची काजळी तुपात किंवा एरंडेलात खललेली असते. काजळीचे कण काही तेलात विरघळत नाहीत, पण त्यांना त्वचेला चिकटवून ठेवणारे तूप तेलात मिसळून जाते आणि कण सुटे होतात. ‘समानात समान विरघळते’ हा नियम आपण फळ्यावर लिहितो, तो आजीच्या बोटावर कधीचाच होता.

तेलाने मळ निघतो हे माणसाला फार पूर्वी कळले. अडचण होती ती पुढची : मळ तेलाने काढला, आता तेल कशाने काढायचे? चेहरा स्वच्छ करण्याच्या तेलाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक अंगाला ऑलिव्ह तेल चोळत आणि धातूच्या वाकड्या पट्टीने ते घामा-धुळीसकट खरवडून काढत. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आपण हेच काम उटण्यावर किंवा डाळीच्या पिठावर सोपवतो. पीठ तेल शोषून घेते. (आमच्या मते खरवडण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी सुखाची!) चेहऱ्यावर तर पट्टी चालवणे शक्यच नव्हते.

चेहऱ्याला सोसेल असा लेप गेलनच्या नावावर सांगितला जातो. हा वैद्य इ.स. १२९ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील पर्गामम येथे जन्मला आणि पुढे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. मधमाश्यांचे मेण ऑलिव्ह तेलात वितळवायचे, गुलाबाचा वास द्यायचा आणि घोटत घोटत त्यात मावेल तेवढे पाणी मुरवायचे, अशी ती कृती. त्वचेवर लावताच मिश्रण फुटे, मोकळे झालेले पाणी उडून जाई आणि गार वाटे. ‘कोल्ड क्रीम’ हे नाव त्यावरूनच आले. म्हणजे गारवा हा त्या लेपाच्या कच्चेपणाचा पुरावा होता! पाण्याचे थेंब तेलात धरून ठेवणारे खात्रीचे काही त्यात नव्हते. ठेवला की लेप फुटे, आणि वनस्पती तेल असल्याने काही दिवसांत खवटही होई.

त्या काळी चेहऱ्यावर काय लावत असत याचा एक सुंदर पुरावा लंडनमध्ये मिळाला. २००३ मध्ये तिथल्या सदर्क भागातील रोमन मंदिरांच्या आवारात उत्खनन करताना दुसऱ्या शतकातील कथिलाची डबी सापडली. झाकण घट्ट होते आणि आत पांढरट मलम शिल्लक होते. ब्रिस्टल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी केलेले त्याचे विश्लेषण २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले : सुमारे ४० टक्के प्राण्यांची चरबी, ४० टक्के स्टार्च आणि १५ टक्के कथिलाचे ऑक्साइड. चरबीत कालवलेला असा पांढरा रंग नुसत्या पाण्याने उतरणे कठीणच.

गेलनच्या कृतीत शतकानुशतके किरकोळ फेरफारच होत राहिले. ऑलिव्हऐवजी बदामाचे तेल आले, मेणाच्या जोडीला स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणारा मेणासारखा पदार्थ आला. प्रयोगशाळेतील ‘सेटिल अल्कोहोल’ या नावात हा देवमासा अजून आहे. लॅटिनमध्ये ‘सेटस’ म्हणजे देवमासा.

खरा बदल एकोणिसाव्या शतकात झाला, आणि तोही चिमूटभर टाकणखाराने. टाकणखाराचे द्रावण अल्कलीधर्मी असते. मेणातील मुक्त मेदाम्लांशी त्याची अभिक्रिया होऊन लेपातच थोडासा साबण तयार होतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते, त्यामुळे पायस, म्हणजेच इमल्शन, टिकते. पुढे बदामाच्या तेलाची जागा खवट न होणाऱ्या खनिज तेलाने घेतली आणि डबी दुकानात महिनोन्‌महिने राहू लागली.

गिऱ्हाईकही तयार होते. बर्लिनमध्ये लुडविग लाइशनर या ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये चरबीत कालवलेल्या रंगाच्या कांड्यांचा धंदा सुरू केला. नटांचा हा रंग उतरवायला कोल्ड क्रीम लागे आणि क्रीम पुसायला फडकी. १९२४ मध्ये अमेरिकेत ‘क्लीनेक्स’ हे कागदी रुमाल आले, ते याच फडक्यांना पर्याय म्हणून! नाक पुसण्याचा उपयोग गिऱ्हाइकांनीच शोधून काढला.

फडक्याऐवजी साबण का नको? साबणाने तेल निघते, पण त्याच्या द्रावणाचा सामू ९ ते १० असतो आणि त्वचेच्या पृष्ठभागाचा ५ च्या आसपास. शिवाय साबण त्वचेची स्वतःची स्निग्धताही ओढून नेतो. यावर उतारा म्हणून सौम्य, विद्युतभाररहित पायसीकारके उपयोगी पडली. कोणते पायसीकारक तेलाकडे किती आणि पाण्याकडे किती झुकते, हे मोजण्याची पट्टी विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये मांडली. जपानी रंगभूषाकार शू उएमुरा यांनी १९६७ मध्ये चेहरा स्वच्छ करण्याचे तेल बाजारात आणले. आज या नावाने मिळणाऱ्या बहुतेक तेलांत पायसीकारक आधीच मिसळलेले असते. कोरड्या चेहऱ्यावर ते तेलासारखे वागते. पाण्याचा हात लावला की दुधाळ होते आणि मळासकट वाहून जाते.

‘रोमरंध्रांच्या तळापर्यंत सफाई’ अशा जाहिराती मात्र आपण मुलांना तपासून पाहायला शिकवावे. हे तेल पृष्ठभागावरचा रंग आणि मेद काढते. ते मुरुमांचे औषध नव्हे. साधे खोबरेल चेहऱ्यावर तसेच राहिले तर मुरुमांची प्रवृत्ती असलेल्यांना त्रास होऊ शकतो.

वर्गात हे सारे काचेच्या तीन पट्ट्यांवर दाखवता येते. प्रत्येकीवर काजळाची रेघ ओढा. पहिलीवर पाणी टाकून बोट फिरवा, दुसरीवर खोबरेल. तिसरीवर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब मिसळलेले खोबरेल वापरा. आता दुसरी आणि तिसरी पट्टी पाण्याखाली धरा. कोणत्या पट्टीवरून दुधाळ पाणी ओघळते, ते मुलांनाच सांगू द्या.