शेअरची पावती आणि गुळाचा रवा

पन्हाळ्यावर आलेला माणूस तीन दरवाजा बघतो, सज्जा कोठी बघतो, आणि अंबरखान्याशी आला की हमखास मान वर करून उभा राहतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं. धान्य ठेवायला एवढ्या दांडग्या भिंती कशाला, असं सहलीची पोरं विचारतात. 1660 साली सिद्दी जौहरनं मार्चपासून जुलैपर्यंत गड आवळून धरला होता. वेढा कधी उठेल हे वरच्यांना कळायला मार्ग नव्हता. कोठारात दाणा किती आहे, हे मात्र मोजता येत होतं. तेव्हाचा पहिला हिशेब तोच असणार.

इतिहास सांगणारे बहुतेक गडावरच थांबतात. त्यांचं काही चुकत नाही, पण आमचा पन्हाळा तालुका गडाच्या खाली पसरलाय. बोरपाडळे, सातवे, काखे, कोडोली अशी गावं वारणेकडं उतरत जातात. या गावांत लढाया झाल्या त्या उसाच्या आणि गुळाच्या. त्यांचे पोवाडे कुणी केले नाहीत. पण ‘पुढं काय होणार’ हे माहीत नसताना ‘आज काय करायचं’ हे ठरवणारी माणसं बघायची असतील, तर इथं बघावीत.

आमच्याकडं दिवाळीच्या आसपास चुलवाण पेटायचं. पहिल्यांदा चरकाला बैल होते, पुढं इंजिन आलं. पावसाळा सरल्यावर विहिरीवर पाणी ओढणारं इंजिनच पट्टा लावून चरकाला जोडायचे. जळण विकत आणायचं नाही. उसाचा रस निघाला की उरलेलं चिपाड अंगणभर वाळत घालायचं आणि तेच चुलवाणात सारायचं. रसातली मळी काढायला रानभेंडीचा चीक. ती बांधावर उगवायची. चुना तेवढा गावातनं आणायचा. काहील एकदा घेतली की पिढीभर पुरायची, आणि आपली नसली तर भावकीतली असायची.

हे सगळं उभं करायला फार पैसा लागत नव्हता. लागायचा तो गुळव्या. टनभर उसातनं साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो, पण तो पिवळा धमक निघतो की काळा पडतो, हे त्याच्या हातात. काहिलीतला पाक चमच्यानं पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि कडेवर आपटायची. आवाज आला की आदण उतरायचं. काही क्षण अलीकडं-पलीकडं झालं तर रवा बसत नाही, नाहीतर करपतो. ऊस लागणीचा की खोडव्याचा, जमीन काळी की माळाची, थंडी पडली की ढग आले, यावर प्रत्येक आदण वेगळं. त्यामुळं ‘या वर्षी गूळ कसा होणार?’ असं गुळव्याला विचारलं तर तो हसायचा. पहिलं आदण बघायचा, त्यावरनं दुसऱ्यात चुना कमी-जास्त करायचा.

बाजाराचंही तसंच. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, आणि कोल्हापूरचा गूळ लांब जायला लागला. गुजरात हे त्याचं मोठं गिऱ्हाईक झालं. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघायचे. त्या दिवशीचा दर ऐकून गावाकडं पुढच्या हंगामाचे मनोरे रचले जायचे आणि महिन्याभरात कोसळायचे. गुजरातेत कुणाला किती गूळ हवा, हे काख्याच्या शेतकऱ्याला कसं कळणार? आमचा आजा म्हणायचा, “दर अडत्याच्या हातात, पाऊस देवाच्या हातात. आपल्या हातात चिपाड हाय, ते तरी वाळवूया.”

या मुलखात 1950 नंतर नवीच गोष्ट कानावर यायला लागली. 1950 च्या अखेरीस नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील नावाचा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ नावाचा प्रोफेसर, दोघांनी मिळून शेतकऱ्यांच्या शेअरवर कारखाना उभा केला म्हणे. साखर कारखाना आम्हाला अगदी अपरिचित नव्हता. कसबा बावड्याला खासगी होता. पण आपल्या मालकीचा कारखाना म्हणजे काय, हे समजून घ्यायला वेळ लागला.

कोडोलीचे विश्वनाथ अण्णा कोरे, म्हणजे तात्यासाहेब कोरे, यांनी हे काम अंगावर घेतलं. जन्म 1914 चा, त्याच गावातला. त्यांच्याकडं काय होतं? वारणेचं पाणी होतं, खोऱ्यातला ऊस होता, पिकाच्या कामाचा नसलेला मोकळा माळ होता, आणि गावोगावच्या माणसांशी ओळख होती. नव्हतं ते भांडवल, यंत्र, परवाना आणि साखर करणारा जाणकार. आधी सगळं जमवू आणि मग सुरुवात करू, असं धरून बसले असते तर माळावर आजही कुसळच उगवलं असतं. त्यांनी ओळखीपासून सुरुवात केली. गावागावात बैठका घेतल्या आणि शेअर मागितला.

आता मागणाऱ्याची बाजू सगळेच सांगतात. मला देणाऱ्यांची जास्त वाटते.

कारखाना दिसत नव्हता. माळ दिसत होता. त्यावर पैसे द्यायचे, ऊस द्यायचा शब्द द्यायचा, आणि गुळाला दर चढला तरी शब्द मोडायचा नाही. घरात रोज वाद. आज्जी म्हणायची, “गुऱ्हाळ डोळ्यापुढं हाय, ते सोडून कागद काय चाटायचा?” भावकीतल्या दोघांनी शेअर घेतलाच नाही. त्यांना अडाणी म्हणणारे पुढं पुष्कळ निघाले, मला ते पटत नाही. ज्याच्याकडं एकच एकर आहे आणि सावकाराचं देणं आहे, त्यानं न दिसणाऱ्या धुराड्यावर पैसा लावू नये हाच शहाणा हिशेब होता.

आज्जानं रेडकू विकलं आणि हप्त्यानं एक शेअर घेतला. एकच. जास्त घे म्हणणारे होते, पण तो म्हणाला, “बुडालं तर एक रेडकू बुडलं. म्हस हाय की दावणीला.” आणि गुऱ्हाळही मोडलं नाही. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. पण नदीला पाणी किती ते ठाऊक नसेल तर दुसरा दगड घट्ट लागेपर्यंत पहिल्यावरचा पाय कोण उचलतो?

अशी शेकड्यांनी रेडकी, बांगड्या, ज्वारीची पोती एकत्र झाली. वर सरकारी भागभांडवल आणि संस्थांचं कर्ज मिळालं, म्हणून ते जमलं. नुसत्या शेतकऱ्यांच्या पैशात साखर कारखाना झाला असता असं मी म्हणणार नाही. पण सरकारनं हात पुढं केला तो या तुकड्यांची वाकळ शिवलेली दिसल्यावर. दशक संपता संपता माळावर धुराडं उभं राहिलं आणि त्या माळाला वारणानगर हे नाव मिळालं.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकवणाऱ्या सरस सरस्वती या मूळच्या भारतीय प्राध्यापिकेच्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांपुढं एक काल्पनिक धंदा ठेवला आणि निर्णय घेताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. 2001 साली त्यांनी यावर निबंध लिहिला. या माणसांनी बाजाराच्या अंदाजावर फारसा भरवसा ठेवला नाही. मी कोण, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथनं ती सुरू झाली. किती मिळेल यापेक्षा किती गमावलं तर चालेल हे त्यांनी आधी बघितलं. वाचताना मला रेडकू आठवलं, आणि थोडं हसूही आलं.

पुढचं वारणानगर बघितलं की ही चाल आणखी स्पष्ट दिसते. ऊस तोडला की वाडं उरतं, वाडं म्हशी खातात, म्हशी दूध देतात. 1968 ला वारणा दूध संघ आला. बायका घरात होत्या, त्यांच्या हाताला काम हवं होतं, म्हणून पापड लाटण्याचं केंद्र आलं. लोकांच्या हातात पैसा खुळखुळायला लागला आणि तो कोल्हापूरच्या दुकानात जाऊ लागला, तर 1976 साली वारणा बाजार निघाला. एकातनं दुसरं निघत गेलं. सगळंच सोन्याचं झालं असं नाही. सहकारात राजकारण शिरलं, उसाच्या बिलांसाठी माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरली. साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला ते माहीत आहे. तात्यासाहेब 1994 ला गेले.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. 1998 मध्ये केंद्र सरकारच्या मदतीनं वारणा खोऱ्यातली सत्तर गावं संगणकानं जोडायची योजना आली. देशभर बोलबाला झाला. शेती सल्ला, शिक्षण, बाजारभाव असं सगळं त्यातनं मिळणार होतं. काही वर्षांनी बंगळूरहून मायक्रोसॉफ्टचे संशोधक बघायला आले. गावातले शेतकरी त्या संगणकावर मुख्यतः कारखान्याशी असलेलं कामच करत होते: माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोडणीची चिठ्ठी कधी, खताची उधारी किती. एवढ्यासाठी बंद पडणारे संगणक आणि गायब होणारी वीज कशाला? त्यांनी थोड्या गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून बघितलं, आणि ते चाललं. मोबाइल तोवर शेतकऱ्याच्या खिशात आलाच होता.

इकडं गुऱ्हाळं कमी होत गेली. कारखान्याचा चेक बरा, मजूर मिळत नाहीत, गुळव्याची पोरं शहरात गेली. आमचं चुलवाण आज्जा गेल्यावर दोन हंगाम पेटलं आणि थांबलं. पण सगळी विझली नाहीत. ज्योतिबाला आणि पन्हाळ्याला जाणाऱ्या गाड्या वाढल्या तसं रस्त्याकडेच्या एका गुऱ्हाळवाल्याला लक्षात आलं, की लोक फोटो काढायला थांबतात, रस पितात, आणि दहा किलोचा रवा कुणी उचलत नाही. त्यानं अर्ध्या किलोच्या वड्या पाडायला घेतल्या. साचे नव्हते, तर घरातल्या वाट्या वापरल्या. काकवी बाटलीत भरली. बाटल्या गावातल्याच हॉटेलातनं मिळाल्या. गेल्या वर्षी एका मुंबईवाल्यानं त्याला मोठी ऑर्डर देऊ केली, दोन काहिली वाढव म्हणाला, निम्मं कर्ज मी बघतो म्हणाला.

मी विचारलं, काय ठरवलं? तो चुलवाणात चिपाड सारत होता. “एक वाढवतोय,” म्हणाला. “जुनी, चुलत्याची. भोक पडलंय, ते वेल्डिंग करून आणलंय.” मग काहिलीकडं बघून पोराला हाक मारली, आणि आम्ही दोघं बाजूला झालो, कारण आदण उतरायला आलं होतं.