कासव, कल्याणच्या पुढे : शालेय संगणकाची चाळीस वर्षे

शाळेतल्या संगणकाचा इतिहास लिहिताना किती यंत्रे आली, कोणत्या साली आली, कोणी दिली, इथून सुरुवात करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला दारापासून सुरुवात करावीशी वाटते. नव्वदच्या दशकात उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात ज्या शाळेत संगणककक्ष होता, त्याच्या दाराबाहेर चपला-बुटांची रांग असे. आत शाळेतला एकमेव वातानुकूलक, खिडक्यांना पडदे, आणि शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेल्या आच्छादनांखाली झाकलेली यंत्रे. धूळ नको हे कारण खोटे नव्हते. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला तंत्रज्ञानाचा पहिला धडा मिळाला तो हाच, की पायांतले बाहेर काढायचे, रांगेत आत जायचे आणि हात लावायचा नाही. देवळातसुद्धा घंटा वाजवायची मुभा असते.

हे ज्या गावांत घडले ती गावे यंत्राला बिचकणारी मुळीच नव्हती, म्हणून मला त्याचे अधिक नवल वाटते. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आगपेट्यांची विम्को. फिटर, टर्नर, मशिनिस्ट घरोघरी. मायक्रोमीटर म्हणजे काय हे तिथल्या कित्येक पोरांना पाचवीच्या आधी ठाऊक असे, कारण वडील जेवताना त्याच्याच गोष्टी सांगत. उल्हासनगर तर निर्वासितांच्या लष्करी छावणीतून उभे राहिलेले गाव. १९४९ साली त्याला हे नाव मिळाले, आणि पुढच्या पिढीत तिथल्या दुकानांतून रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही उघडून पुन्हा जोडणारी बोटे तयार झाली. ‘मेड इन यूएसए’चा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे, त्या विनोदामागे वस्तू खोलून पाहण्याची जी शाळा होती तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. बदलापूर उशिरा वाढले. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ पर्यंत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. सकाळी लोकलने जाणारे आईबाप आणि दिवसभर शाळा-क्लासवर सोपवलेली मुले, असे हे गाव. थोडक्यात, घरी यंत्राची ओळख होती. शाळेत ती कामी आली नाही.

सरकारी पातळीवर सुरुवात झाली १९८४-८५ साली. ‘क्लास’ या आद्याक्षरी नावाने केंद्राने शालेय संगणकसाक्षरतेचा प्रकल्प काढला. पहिल्या फेरीत अडीचशेच्या आसपास शाळा होत्या आणि त्यांना प्रशिक्षण देणारी ४२ साधनकेंद्रे. यंत्र होते ब्रिटनचे, ‘बीबीसी मायक्रो’. मुळात तिथल्या बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणीवर मालिका काढली, आणि तिच्या जोडीला हवे म्हणून एकॉर्न कंपनीने हे यंत्र बनवले. स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेला शुभेच्छांचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. इंग्रजी मुलांना घरच्या टीव्हीला जोडून खेळायला मिळालेले हे यंत्र आपल्याकडे आले ते थेट माध्यमिक-उच्च माध्यमिक वर्गांच्या मुलांसाठी, बेसिक भाषेच्या तासाला. नव्वदच्या दशकात प्रकल्प अडीच हजारांवर शाळांपर्यंत गेला. पण प्राथमिक शाळेचा त्यात विचारच नव्हता. ही वरून खाली येण्याची रीत पुढे वीस वर्षे बदलली नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ आणली तीही माध्यमिक शाळांसाठीच.

मग खालच्या वर्गांत संगणक कोणी नेला? खासगी शाळांनी, आणि शिक्षणशास्त्राचा विचार करून नव्हे, फीच्या पावतीवर एक ओळ वाढते म्हणून. हे कडू वाटेल, पण रद्दीच्या दुकानांतून जमवलेली त्या काळातली शालेय पुस्तके आणि वह्या पाहिल्यावर माझे दुसरे मत होत नाही. पहिलीच्या पुस्तकात संगणकाचे अवयव. दुसरीत संगणकाचा जनक कोण, चार्ल्स बॅबेज. तिसरीत पिढ्या : पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. वह्यांत पट्टीने आखून काढलेले कीबोर्ड आहेत, सगळ्या कळांसकट, पेन्सिलीने. ते काढणाऱ्या मुलांच्या चिकाटीला नमस्कार. पण आठवड्याला एक तास, एका यंत्रापुढे तीन-चार मुले, माऊस ज्याच्या हाती पडेल त्याचा, म्हणजे बहुधा धटिंगणाचा, अशा व्यवस्थेत कीबोर्ड चित्रातच अधिक भेटणार.

या पुस्तकांतले सगळ्यात चटका लावणारे प्रकरण मात्र ‘लोगो’चे आहे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत ते तिसरी ते पाचवीच्या दरम्यान हमखास असे. वाचकांपैकी कोणाच्या मुलांनी ते केलेही असेल : पडद्यावर एक छोटा त्रिकोण, त्याचे नाव कासव. ‘एफडी १००’ म्हटले की ते शंभर पावले पुढे जाते, ‘आरटी ९०’ म्हटले की उजवीकडे काटकोनात वळते. चारदा तेच केले की चौकोन. ही भाषा १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी बनवली. पॅपर्ट मूळचे गणितज्ञ. जिनिव्हात पियाजेंसोबत काही वर्षे काढलेले. त्यांचे म्हणणे असे, की मुलाने कासवाला शिकवावे. चौकोन कसा काढायचा हे सांगता येत नसेल तर मुलाने उठावे, स्वतः कासव व्हावे, फरशीवर चालून पाहावे : चार पावले, वळ, चार पावले, वळ. चुकले तर चूक शोधावी. चूक हा गुन्हा नसून शोधण्याची वस्तू आहे, हे त्यांच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचे सूत्र आहे. संगणकाने मुलाला चालवायचे, की मुलाने संगणकाला, हा त्यांचा प्रश्न होता.

आमच्याकडे या कासवाचे काय झाले? ते परीक्षेला बसले. ‘चौकोन काढण्याच्या आज्ञा लिहा, गुण ४.’ आज्ञा पाठ, त्याही इंग्रजीत, कागदावर. कासव हललेच नाही. वर्तुळासाठी ‘रिपीट ३६०’ का, याचे उत्तर एकाही वहीत मला सापडलेले नाही, मात्र ते ‘३६०’ सगळीकडे अचूक आहे. भूमिती आणि संगणक हे दोन तास एकाच शाळेत, एकाच मजल्यावर चालत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसे. फरशीवर चालून पाहायला लागते ती मोकळी जागा, आणि संगणककक्षात तर हलायलाही बंदी.

अनुदानित आणि सरकारी माध्यमिक शाळांत राज्याने आयसीटी योजना आणली ती कंत्राटी पद्धतीने. कंपनीने यंत्रे बसवायची, शिक्षक नेमायचा, पाच वर्षे चालवायचे आणि मग सगळे शाळेच्या हवाली करायचे. टप्प्याटप्प्याने सुमारे ८ हजार शाळा त्यात आल्या. मुदत संपली की यंत्रे शाळेत राहत आणि शिक्षक घरी जाई. या संगणकशिक्षकांनी आझाद मैदानात आंदोलने केली त्याच्या बातम्या आठवत असतील. जुने झालेले यंत्र आणि गेलेला शिक्षक, या दोहोंत शाळेला कोणता तोटा मोठा, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यातून ग्रामीण-निमशहरी भागातले भारनियमन. बदलापूर-वांगणीच्या माणसाला २००५ च्या आसपासचे वेळापत्रक अजून तोंडपाठ असेल. त्याच वर्षीच्या २६ जुलैला उल्हास नदी घरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरच्या यंत्रांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको.

याच लोहमार्गावर, बदलापूरपासून तीसेक किलोमीटर पुढे, कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट विसाच्या आसपास. २००७ साली इथल्या प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा संगणक आला. भारतातला ‘एका मुलाला एक लॅपटॉप’, म्हणजेच ओएलपीसीचा हा पहिला प्रयोग. आमच्या तिन्ही गावांतल्या शाळांमध्ये अजून चारजणांत एक माऊस होता, आणि मेंढपाळांच्या वाडीत पहिलीतले मूल हिरवा-पांढरा लॅपटॉप दप्तरातून घरी नेत होते.

ओएलपीसी ही एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांची कल्पना, २००५ साली दाव्होसला जाहीर केलेली : शंभर डॉलरचा लॅपटॉप. प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या जवळ गेली. यंत्र मात्र खरोखर मुलांचा विचार करून बनवले होते. धूळ-पाण्याला न घाबरणारे, उन्हात पडदा वाचता येणारे, अत्यंत कमी विजेवर चालणारे, आणि कानासारखे दोन अँटेना वर केले की शेजारच्या मुलाच्या यंत्राशी आपोआप जोडले जाणारे. त्यामागचे वैचारिक भांडवल पॅपर्ट यांचे. म्हणून त्यात लिहिणे, रंगवणे, फोटो काढणे यांबरोबर कासवही होते. आज्ञा टंकित करायच्या नाहीत, ठोकळे जुळवायचे. आमच्याकडे प्रश्नपत्रिकेत अडकलेले कासव अशा रीतीने कर्जत तालुक्यात पायी फिरू लागले.

भारत सरकारने मात्र आदल्या वर्षीच, २००६ मध्ये, या योजनेला नकार दिला होता. शिक्षणखात्याचे म्हणणे, की आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, आणि लॅपटॉपने शिक्षण सुधारते हे सिद्ध झालेले नाही. त्या वेळी या नकाराची पुष्कळ टिंगल झाली. आज मला ती भूमिका निम्मी बरोबर वाटते. पेरू देशाने लाखो यंत्रे घेतली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा पंधरा महिन्यांनंतर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले : गणितात आणि भाषेत मोजण्याजोगा फरक नाही. यंत्रे पोचली, शिक्षकांपर्यंत कोणी पोचले नाही. उलट उरुग्वेने देशभर प्रत्येक प्राथमिक विद्यार्थ्याला यंत्र दिले, पण सोबत दुरुस्ती, जोडणी आणि प्रशिक्षणासाठी कायमची संस्था उभारली, आणि ती टिकली. खैराटला जे काही जमले त्याचे श्रेय मी आधी तिथल्या एकमेव शिक्षकाला देईन, आणि मग होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या नागार्जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, ज्यांनी नंतर या शाळेशी काम चालू ठेवले. वीस मुलांचा प्रयोग विसांपुरताच राहिला, याचे खापर मात्र या दोघांपैकी कोणावरच फोडता येत नाही. ना सरकारने तो आपला मानला, ना शेजारच्या शहरांतल्या शाळा तो पाहायला गेल्याचे ऐकिवात आहे.

त्याच सुमारास पवईला आयआयटीत श्रीधर अय्यर आणि सहकारी शाळांसाठी संगणकाचा अभ्यासक्रम आखत होते. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. त्यावरची ‘कम्प्युटर मस्ती’ ही पुस्तके कोणालाही मोफत वापरता येतात. लहान वर्गांत भर आहे तो क्रमाने विचार करणे, वर्गीकरण, तर्क यांवर. दात घासण्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात. पुढे ‘स्क्रॅच’, म्हणजे पुन्हा कासवाचेच वंशज. अमुक सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ती शिकवण्यापेक्षा हे किती तरी शहाणपणाचे. फक्त फुकट पुस्तकावर कमिशन नसते, आणि आमच्या भागातल्या पुस्तकविक्रीचे गणित त्या कमिशनवर चालते.

सरकारी प्राथमिक शाळेचा दरवाजा शेवटी उघडला तो आमच्याच ठाणे जिल्ह्यातून, पण शहरांतून नव्हे. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने टॅबलेट, प्रोजेक्टर यांची जुळवाजुळव करून वर्ग उभा केला आणि राज्यभरातले शिक्षक तो पाहायला येऊ लागले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर तर ‘डिजिटल शाळा’ हा परवलीचा शब्द झाला. पैसा लोकवर्गणीचा. गावाने टीव्ही दिला, माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर. सोलापूरकडे परितेवाडीत रणजितसिंह डिसले क्यूआर कोड पुस्तकात आणत होते, ते पुढे पाठ्यपुस्तकांत सर्वत्र गेले. या शिक्षकांच्या धडपडीबद्दल मला नितांत आदर आहे. पण यातले बरेचसे तंत्रज्ञान दाखवण्याचे आहे : कविता चित्रासह ऐकू येते, पाढे नाचत येतात. मूल पाहते. कासवाला कोणी चालवत नाही.

मग २०१६ मध्ये स्वस्त डेटा आला आणि २०२० मध्ये टाळेबंदी. चपला काढायचा प्रश्न उरला नाही, यंत्र अंथरुणात आले. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकतात असे दिसले. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. शाळांचे पाहिले तर २०२३-२४ च्या केंद्रीय आकडेवारीत देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच संगणक होते. उल्हासनगरच्या बाजारात मोबाइल खोलून बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुले दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याएवढी तार डकवतात, नकाशा इंग्रजी, बोलणे सिंधी-हिंदी-मराठी मिसळलेले. त्यातल्या एकाला मी विचारले, शाळेत संगणक होता का. होता, म्हणाला. त्याच्यावर कव्हर होते.