चिप्स कुणाचे?
न्यूयॉर्क राज्यातलं साराटोगा स्प्रिंग्ज हे बटाट्याच्या कुरकुरीत कापांचं माहेर मानतात. १८५३ साली जॉर्ज क्रम या स्वयंपाक्यानं एका कटकट्या गिऱ्हाइकाला खिजवायला बटाटा कागदासारखा कापून तळला, अशी कथा. कथा झकास आहे, पण माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. विल्यम किचिनर या इंग्रजाच्या १८१७च्या पाककृतींच्या पुस्तकात बटाटा लिंबाच्या सालीसारखा गोल गोल सोलत, पुसून कोरडा करून, चरबीत कुरकुरीत तळायची कृती चक्क छापलेली आहे!

तरी ‘चिप्स’ हे नाव अमेरिकेनं या कापांना लावलं. इंग्रजांचे चिप्स बोटाएवढे जाड, मऊसर, वर माल्ट व्हिनेगर. पातळ कापांना ते ‘क्रिस्प्स’ म्हणतात. (आपण दोघांचंही न ऐकता वेफर्स म्हणतो.) १९२०च्या दशकात लंडनच्या क्रिकलवुडचा फ्रँक स्मिथ क्रिस्प्सच्या पुडीत मिठाची निळी पुरचुंडी टाकायचा, मीठ ज्यानं त्यानं हवं तेवढं भुरभुरायचं. क्रिस्प्सवरही इंग्रजांना व्हिनेगर लागतंच. मलाही आवडतं. न्यू जर्सीतला आमचा भाचा मात्र त्या वासानंच नाक मुरडतो आणि बार्बेक्यूचा गोडसर मसाला लावलेलं पाकीट फोडतो.